वाळूच्या सागरांतील शर्यत

फटफटींची शर्यत म्हटली कीं गुळगुळीत सडक आणि बेफाम वेग हींच डोळ्यांपुढें येतात. वाळवंटांतील शर्यतीची गोष्ट अगदीं निराळी आहे. तेथें सडक नाहीं, मैलाचा दगड नाहीं. आणि नुसत्या वेगानें तेथें स्वाराचा घातच व्हावयाचा. हें कसें, तें 'डाकार' या जगप्रसिद्ध शर्यतीवरून पाहूं.

थिएरी साबीन नांवाचा फ्रेंच गृहस्थ १९७७ सालीं एका शर्यतींत आफ्रिकेच्या वाळवंटांत वाट चुकला. तो वांचला, परंतु त्या वाळूची मोहिनी त्याच्या मनावरून उतरली नाहीं. त्याच्या पुढाकारानें १९७८ च्या डिसेंबरांत पॅरिसहून निघालेले स्वार सहारा ओलांडून पुढल्या महिन्यांत सेनेगालच्या डाकार शहरीं पोंचले. पुढें सुरक्षिततेच्या कारणास्तव २००८ ची शर्यत रद्द झाली. २००९ ते २०१९ ती दक्षिण अमेरिकेंत झाली आणि २०२० पासून सौदी अरबस्तानांत भरूं लागली. नांव मात्र डाकारच राहिलें.

वाळूच्या टेकड्या वारा घडवितो. वारा येतो त्या बाजूचा चढ सौम्य व घट्ट असतो. पलीकडे घसरून पडलेली वाळू भुसभुशीत असते आणि उतार तीस अंशांहूनहि अधिक असूं शकतो. चढतांना वेग मंदावला कीं चाक रुततें. तोच वेग माथ्यावर राखावा, तर पलीकडे किती खोल उतार आहे तें दिसत नाहीं. म्हणून स्वार उभा राहून अंगाचा भार मागें टाकतो. त्यामुळें पुढचें चाक वाळूंत घुसत नाहीं. माथ्याजवळ मात्र तो वेग बेतानें उतरवितो. मध्यान्हीं सावल्या नाहींशा झाल्या म्हणजे खड्डाहि सपाट भासतो. तेव्हां अनुभवी डोळाहि फसतो.

मार्ग शोधणें हें दुसरें संकट. वळणें, अंतरें आणि होकायंत्राच्या दिशा यांचीं सांकेतिक टिपणें स्वारास दिलेलीं असतात. पुष्कळ वर्षें तीं कागदाच्या गुंडाळीवर असत. मोटार हांकणाराच्या शेजारीं वाट सांगणारा बसतो. फटफटीवाल्यानें एकट्यानेंच टिपण वाचावें आणि वाहनहि सांभाळावें. आदल्या दिवशीं पहिला आलेला स्वार दुसऱ्या दिवशीं सहसा सर्वांपुढें निघतो. मागच्यांस त्याच्या चाकांची खूण मिळते. त्याला मात्र कोणाचीच नाहीं.

धोका ओळखून नियमहि कडक केलेले आहेत. इंजिनाचा आकार ४५० घनसेंटिमीटरांपुरता ठरविलेला आहे. फटफटींच्या वेगास मर्यादा घातली गेली आणि २०२१ पासून पडतांच फुगणारें जाकीट सक्तीचें झालें. स्वारास तीन लिटर पाणीहि जवळ बाळगावें लागतें.

तरीहि मृत्यू टळतोच असें नाहीं. १२ जानेवारी २०२० रोजीं हिरो या भारतीय संघाचा पोर्तुगीज स्वार पाउलो गोन्साल्विश पडला. त्याच्याजवळ प्रथम पोंचला तो २०१९ चा विजेता टोबी प्राइस. आपली शर्यत बाजूस ठेवून तो मदतीसाठीं थांबला. पण गोन्साल्विश वांचला नाहीं. दुसऱ्या दिवशींची फटफटींची दौड रद्द करण्यांत आली. पडलेल्याच्या मदतीस थांबणारास गेलेला वेळ परत देण्याची तेथें रीत आहे. परंतु थांबतांना कोणी तो हिशेब करीत बसत नाहीं.

आपले स्वारहि या कसोटीस उतरले आहेत. २०१५ मध्यें सी. एस. संतोष यांनीं ही शर्यत पुरी केली. असें करणारे ते पहिले भारतीय. २०२४ मध्यें केरळचे हरिथ नोआ यांनीं 'रॅली २' हा वर्ग जिंकला.

विद्यार्थिमित्रहो, ही शर्यत पाहण्याचा योग आला, तर कोण किती जोरानें गेला एवढेंच पाहूं नका. कोणी कोठें वेग आवरला आणि कोण कोणासाठीं थांबला, तेंहि पाहा. रस्त्यावर भरधाव जाणाराच्या अंगीं यांपैकीं एकहि गुण लागत नाहीं, हें पालकांनींहि मुलांस अवश्य समजावून द्यावें.