आमची राजधानी कोणती?

उपवासकाळ अर्ध्यावर आला, आंब्यांना कैऱ्या धरल्या, आणि आमच्या घरात दरवर्षीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला: यंदाच्या सुट्टीत मुलांना कोठे न्यावयाचे? सुट्टी मे महिन्याची, मग मार्चमध्ये एवढी घाई कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो की, रात्रीच्या जेवणाला आमच्या मुलीने एक साधे वाक्य उच्चारले आणि सारी पंगत गजबजून गेली. ती म्हणाली, "मला आपली राजधानी बघायची आहे."

"मग मुंबईला जाऊया की!" नाना तत्काळ उद्गारले.

"मुंबई नव्हे नाना, बेंगळुरू. आमच्या पुस्तकात तसं आहे."

नाना म्हणजे आमचे चुलते. वयाची ऐंशी उलटली आहे. ते शाळेत होते तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता आणि त्यांच्या गुरुजींनी पाटीवर लिहून दिलेली राजधानी मुंबई होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले. नानांचे घर हलले नाही, शेत हलले नाही, विहीरही जागची हलली नाही. राजधानी मात्र बदलली. त्यांची थोरली बहीण चंदगडास दिलेली. म्हणजे एका आईच्या पोटच्या दोन लेकरांच्या दोन राजधान्या!

सीमेवर राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे नवे नाही. महाराष्ट्र शासनाने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्याचा निवाडा आमच्या जेवणाच्या पाटावर होणारा नव्हता. पण नातीला काय दाखवावयाचे, याचा निवाडा आम्हांलाच करणे भाग होते. त्यात नानांचे मन दुखावू नये आणि पोरीचे मन मोडू नये, हीच खरी अडचण.

नानांचे म्हणणे पोकळ नव्हते. निपाणीहून मुंबई चारशे किलोमीटरच्या थोडी पुढे, तर बेंगळुरू पावणेसहाशेच्या घरात. कोल्हापुरास महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसावे आणि सकाळी मुंबईस उतरावे. तेथे १९२४ सालचे गेट वे ऑफ इंडिया आहे, समुद्र आहे, वांद्र्याची माऊली आहे, आणि मुख्य म्हणजे कानांवर आपली भाषा आहे. परंतु मे महिन्यातील मुंबईचा घामटा आमच्या आईच्या वयाला सोसणारा नव्हे.

"मग पणजी जवळ आहे," कोणी तरी म्हणाले. बेळगावाहून चोर्ला घाटाने जेमतेम सव्वाशे किलोमीटर, तीही राजधानीच. पण हे नाव निघताच आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. तीन वर्षांपूर्वी आम्ही मे महिन्यातच गोव्याला गेलो होतो. एका दिवसात सात ठिकाणे पाहण्याचा बेत केला. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन घेऊन भर दुपारी बाहेर पडलो, तो धाकट्याला उन्हाने चक्कर आली. पुढचा सारा वेळ एका दवाखान्याच्या बाकावर गेला. आज त्या प्रवासाचे नाव काढले की मुलांना मंडवी आठवत नाही, सलाईनची बाटली आठवते. दोष गोव्याचा नव्हता, आमच्या यादीचा होता. त्या दिवशी आम्ही एक धडा शिकलो: सहलीची यादी करताना ठिकाणे वाढवू नयेत, कमी करावीत.

एवढा वेळ आई गप्प बसून होती. तिला विचारले, "तुला काय बघायचं आहे?"

ती म्हणाली, "मला कशाला बागा नि राजवाडे? मला ते हापीस दाखवा, जिथनं माझा कागद येतोय."

तिचा कागद म्हणजे वृद्धापकाळाच्या वेतनाचा. तो कन्नडमध्ये असतो. आईला कन्नड वाचता येत नाही. तिची नात मराठी शाळेत शिकूनही कन्नड वाचते आणि आजीला अर्थ सांगते. खरे पाहता तो कागद तहसीलदार कचेरीतून निघतो. पण कोणाला किती द्यावयाचे हे ठरते राजधानीत. जिच्या आयुष्याचे पुष्कळसे कागद त्या गावी ठरले, तिने ते गाव एकदाही पाहिलेले नाही. धारवाडच्या पलीकडे तिचे पाऊल पडलेले नाही. गुडघे दुखतात, पुढील उन्हाळ्यात तिला एवढा प्रवास झेपेल की नाही, कोण सांगणार? आईच्या या एका वाक्याने बेत ठरला. यंदा बेंगळुरू.

नाना मात्र म्हणाले, "वहिनी जाऊ दे. मी घर राखतो."

येथून पुढे आमची तयारी सुरू झाली. ती जशी केली तशी सांगतो; एखाद्या कुटुंबास उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, पैशाची. जूनमधील वह्या-पुस्तके, शाळेची फी, बियाणे आणि खत यांचे पैसे आधी वेगळ्या डब्यात टाकले. उरले त्यांतूनच सहल. उसनवारीची सहल परतल्यावर कडू लागते.

दुसरी गोष्ट, तिकिटांची, आणि मार्चमधील घाईचे कारण हेच. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले आहे. म्हणजे मेच्या मध्यावर जावयाचे, तर मार्चच्या मध्यावर खिडकीपाशी उभे राहावयास हवे. निपाणीस रेल्वे नाही, म्हणून आधी बसने बेळगाव गाठावे. तेथून राणी चेन्नम्मा एक्स्प्रेस रात्रभर चालून सकाळी बेंगळुरूस पोहोचते. ऑगस्ट २०२५ पासून दिवसा धावणारी वंदे भारतही सुरू झाली आहे, पण तिचे भाडे जास्त. पाच वर्षांखालील मुलास तिकीट नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलास स्वतंत्र जागा नको असेल तर अर्धे, हवी असेल तर पुरे. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, तेव्हा तिचा हिशेब धरू नये. परंतु वय अचूक लिहावे. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांस शिल्लक असेल तर खालचा बाक दिला जातो.

येथे आईने हिशेब काढला. "आम्हां बायकांना बस फुकट हाय की! तिकीट कशाला काढता?" हेही खरे. ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेखाली कर्नाटकातील स्त्रियांना राज्याच्या साध्या बसमधून राज्याच्या हद्दीत विनामूल्य प्रवास करता येतो. कर्नाटकातील पत्त्याचे ओळखपत्र दाखवावे आणि शून्य रकमेचे तिकीट घ्यावे. राजहंस, वातानुकूलित आणि झोपण्याच्या बसेसना ही सवलत नाही. पण दुखऱ्या गुडघ्यांनी रात्रभर बसून जाणे फुकट असले तरी महागच पडले असते. म्हणून असे ठरले: निपाणी ते बेळगाव बसने, पुढे रेल्वेने, आणि बेंगळुरूत पुन्हा शहराच्या साध्या बसने. तेथेही ती सवलत आहेच.

तिसरी गोष्ट, दिवसांची. शुक्रवारी रात्री निघावे, शनिवारी सकाळी उतरावे, रविवारी रात्री परतीची गाडी धरावी. मुक्कामाचे भाडे एकाच रात्रीचे. उन्हाळ्याची काळजीही तेथे थोडी कमी, कारण बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. मात्र मे महिन्यात दुपार टळल्यावर वळवाचा पाऊस अवचित गाठतो, म्हणून छत्र्या घ्याव्यात.

शनिवारी सकाळी लालबाग. हैदर अलीने १७६० साली ही बाग लावण्यास आरंभ केला; तेथील काचघर १८८९ सालचे. बागेत एक विस्तीर्ण खडक आहे, त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे. मुलांना त्यावर बसवून एवढेच सांगावे की, राजे आणि राज्ये यांच्याआधी हा येथे बसला आहे. दुपारी जेवण आणि विश्रांती. चार वाजता कस्तुरबा रस्त्यावरील विश्वेश्वरय्या संग्रहालय. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. यंत्रे कशी चालतात हे तेथे हाताने फिरवून पाहता येते. धाकट्यासाठी ते राखून ठेवले आहे.

रविवारी सकाळी शिवाजीनगरातील सेंट मेरीज बॅसिलिकेत मिस्साला जावयाचे. १९७४ साली या मंदिरास बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. तेथील पवित्र मातेच्या मूर्तीस साडी नेसवितात, हे ऐकून आईने आपणही लुगडेच नेसणार असे जाहीर केले.

मग विधान सौध. १३ जुलै १९५१ रोजी नेहरूंनी त्याची कोनशिला बसविली. केंगल हनुमंतय्या मुख्यमंत्री असताना ते उभे राहू लागले आणि १९५६ साली पुरे झाले. ज्या वर्षी आमचा जिल्हा त्या राज्यात आला त्याच वर्षी! दर्शनी बाजूस कोरले आहे की, सरकारचे काम हे देवाचे काम. जून २०२५ पासून रविवारी व ठराविक शनिवारी मार्गदर्शकासह आत जाऊन पाहण्याची सोय सुरू झाली आहे. त्यासाठी आधी नाव नोंदवून तिकीट काढावे लागते आणि ओळखपत्र न्यावे लागते. समोरच उच्च न्यायालयाची तांबडी इमारत आहे. विधान सौधापूर्वी राज्याचा कारभार तेथूनच चाले. तिला 'अठरा कचेरी' म्हणतात, हे कळल्यावर आई म्हणाली, "मग माझा कागद अठरा दारं हिंडूनच येत असंल!"

बन्नेरघट्टा आणि राजवाडा ही नावे आम्ही यादीतून खोडली. मुलगी जरा हिरमुसली. पण तिला सलाईनची बाटली आठवली असावी.

एके संध्याकाळी मुलगी हा सारा बेत नानांना वाचून दाखवीत होती. गाडीचे नाव राणी चेन्नम्मा. ही कित्तूरची राणी, आपल्याच जिल्ह्यातली. १८२४ साली तिने कंपनी सरकारशी झुंज दिली. बेंगळुरूचे मुख्य स्थानक क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांच्या नावाचे. हा वीरही बैलहोंगल भागातला. १८३१ साली खानापूर तालुक्यात नंदगडला त्याला फाशी दिले. ती वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "म्हणजे नाना, आपल्या जिल्ह्यातली राणी आपल्याला नेणार, आणि आपल्याच रायण्णाच्या दारात उतरवणार!"

नाना काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "शहाजीराजांची जहागीर ती हीच का बंगळूर?"

हीच. १६३८ साली विजापूरकरांनी ते ठाणे घेतले आणि शहाजीराजांकडे सोपविले. बालपणी शिवाजीराजे वडिलांपाशी काही काळ तेथे राहिले होते.

"असं म्हणता," नाना पुटपुटले आणि उठून आत गेले. परत आले ते हातात आधार कार्ड घेऊन. "माझं तिकीट काढा. पण सांगून ठेवतो, सप्टेंबरात वांद्र्याच्या जत्रेला मला मुंबईला न्यायचं. पोरीला माझी राजधानीही बघू दे."

आम्ही लगेच कबूल झालो. ज्या घरात दोन राजधान्या आहेत, त्या घराने दोन्ही पाहिल्या तर कोणाचे काय उणे होणार आहे? दाव्याचा निकाल लागावयाचा तेव्हा लागेल. तोवर नातीने आजीला कन्नड पाटी वाचून दाखवावी आणि आजोबांनी नातीला मुंबईचे रस्ते दाखवावेत, यातच घराचे शहाणपण आहे.

तिकिटे हाती आली आहेत. आईने तो कागद घडी करून पिशवीत ठेवला आहे. तो कशाला हवा, असे विचारले तर म्हणते, "असू दे. वाटेत कुणी विचारलं, कुठं चाललीस म्हाताऱ्ये, तर दाखवीन."