नाणी जपा, पण पीव्हीसीत नको!

आजोबांनी दिलेली तांब्याची शिवराई मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली असेल, तर आधी बाहेर काढा. ते प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी असतं. त्याला मऊ ठेवणारं तेलकट रसायन हळूहळू पाझरतं आणि पीव्हीसीतून सुटणारं हायड्रोक्लोरिक आम्ल तांबं खातं. चिकट हिरवा थर ही त्याचीच खूण. मी प्रत्येक नाण्याला पॉलिएस्टरची (मायलरची) खिडकी असलेला पुठ्ठ्याचा वेगळा होल्डर वापरते. स्टेपलच्या पिना पक्कडीने चपट्या करायच्या, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे पडतात. नाणं कडेनेच धरा, घामाचेही डाग पडतात. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच. आणि चिंचेने घासू नका! नाणं चकाकेल, पण झिजलेलं ‘श्री राजा शिव’ परत उमटणार नाही.