चढावाचा हिशेब
टूर द फ्रान्स शर्यतीत डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकविणारी यंत्रणा, वापरण्याची मुभा १९३७ साली मिळाली; तोवर चढाव आला की स्वारास खाली उतरून, मागचे चाक काढून ते उलटे बसवावे लागे. आजचा स्वार, घाटाने बेजार होताच, प्रथम महागड्या डिरेलरकडे धाव घेतो, हा मला निव्वळ अपव्यय वाटतो. वस्तुतः आधी साखळीकडे पाहावे; कारण झिजून लांबलेली साखळी नव्या दात्यांचाही अल्पावधीत फडशा पाडते. म्हणून मागे अकरा चक्रे असलेल्या सायकलीत साखळीची लांबी अर्धा टक्का वाढताच ती बदलणे श्रेयस्कर. मग पुढे ३४ दात्यांचे चक्र असता मागे तितक्याच दात्यांचे मोठे चक्र असलेली कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बसविल्यास, पायडलच्या एका फेऱ्यास चाकाचा एकच फेरा होऊन चढण सुसह्य होते. मात्र एवढे चक्र जुन्या डिरेलरला पेलवेल काय, याची शहानिशा खरेदीपूर्वीच करावी.