पडीक वर्षांची शेती

बडनेऱ्याला गाडीतून उतरून अमरावती, परतवाडा मागे टाकलं की कापसाची काळी जमीन संपते आणि मेळघाटाचा साग सुरू होतो. हे वर्षावन नव्हे, उन्हाळ्यात पानं गाळणारं रान. तरी विषुववृत्ताकडच्या घनदाट जंगलांत चालते तीच फिरती शेती सातपुड्यातले कोरकू आदिवासीही करत. भामरागडचे माडिया तिला पेंडा म्हणतात, कोकणात ती कुमरी.

इंग्रज अधिकारी कॅप्टन फोरसाइथने १८७१च्या पुस्तकात या शेतीची रीत लिहून ठेवली आहे. उन्हाळ्यात उतारावरची झाडं तोडायची, वाळवायची, पावसाआधी पेटवायची. राखेत कोदो-कुटकीचं बी टाकायचं. चढ फार उभा असेल तर बी वरच्या कडेलाच ठेवायचं, पाऊस ते खाली पसरवतो. नांगर नाही. दोन-तीन वर्षांनी जागा सोडायची.

साहेबाला यात फक्त जळणारं लाकूड दिसलं. पण उष्ण प्रदेशात जंगलाचं बरंचसं खत मातीत नसतं, झाडांत साठलेलं असतं. आग पालाश, चुना, स्फुरद मातीला देते, नत्र मात्र धुरात जातं. पुढे तण माजतं, पीक घटतं. मग खरं काम करते ती पडीक. खुंटांना धुमारे फुटतात, भोवतालच्या रानातून बी येतं, पालापाचोळा कुजतो. पर्यावरणशास्त्रज्ञ पी. एस. रामकृष्णन यांनी मेघालयात त्याच जागी परतण्याची तीस, दहा आणि पाच वर्षांची चक्रं तपासली. चक्र दहा वर्षांखाली आलं की जमिनीची झीज भरून निघत नाही, असं त्यांना दिसलं.

म्हणून दोष आगीला देणं मला अन्यायाचं वाटतं. इंग्रजांनी साग राखण्यासाठी रानं राखीव केली, माणसं थोड्या जागेत कोंडली, तिथे पडीक ठेवायला जमीनच उरली नाही. १९२७च्या वन कायद्याच्या कलम १०ने तर फिरती शेती हा हक्क नसून सरकारने दिलेली, हवी तेव्हा काढून घेता येणारी सवलत ठरवली. कोरकूंच्या हाती उताराचं हलकं शेत आणि नांगर आला. उघड्या उतारावर नांगर फिरला की पहिल्याच पावसात माती वाहते.

ती शेती जशीच्या तशी परत आणा, असं मी म्हणत नाही. तेवढं रान आता नाही. पण जमिनीला विश्रांती देण्याचा निर्णय गावाच्या हाती हवा. परतवाड्याजवळच्या पायविहीरला २०१२ साली वनहक्क कायद्याखाली १९३ हेक्टर वनजमिनीवर सामूहिक हक्क मिळाला. गावाने उजाड टेकडीवर झाडं लावली, पाणी अडवलं. आता तिथली सीताफळं ग्रामसभाच बाजारात विकते.