हजेरीपट, वही आणि पाण्याची बाटली

शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना मुलाला भेटण्याआधी मी वर्गशिक्षिकेकडून हजेरीपट मागून घेते. किती दिवस बुडाले यापेक्षा कोणते वार बुडाले ते पाहते. दर सोमवारी, किंवा नेमकी गणिताची चाचणी असते त्याच वारी खाडा दिसला की तिथून धागा सापडतो. मग वह्या. जूनमधलं नीट अक्षर ऑगस्टनंतर ओळ सोडून धावू लागतं. कुठे वर तारीख आणि वार लिहिलेला असतो, खाली पान कोरं. अशा कोऱ्या पानांवर बाईंनी लाल शाईत ‘अपूर्ण’ एवढंच लिहिलेलं असतं.

पाचवीतल्या एका मुलाचं रोज सकाळी पोट दुखायचं. (तपशील मी बदलले आहेत.) तपासण्या स्वच्छ आल्या आणि घरात ‘नाटकं करतो’ असं ठरलं. बोलता बोलता त्याची आई म्हणाली, “मॅडम, पाण्याची बाटलीसुद्धा भरलेली तशीच परत आणतो.” तो दिवसभर पाणीच पीत नव्हता, कारण पाणी प्यायलं की लघवीला जावं लागणार, आणि तिथे मोठ्या वर्गातली मुलं बाहेरून कडी घालायची. मधल्या सुट्टीत त्या बाजूला शिपाईमामा उभे राहू लागले, मोठ्या मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलणं झालं, आणि काही आठवड्यांत पोटदुखी थांबली. त्या मुलाला उपचार लागलेच नाहीत. शाळेला दुरुस्ती लागली.

माझ्याकडे वर्गातून पाठवली जातात ती बहुतेक दंगा करणारी मुलं. गप्प बसणारी उशिरा येतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. सातवीतल्या एका मुलीचे गुण उत्तम, वागणं आदर्श. रविवारी तेल लावताना आईला तिच्या टाळूवर केस नसलेली जागा दिसली. त्वचेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, त्वचेला आजार नाही, ही स्वतःच केस उपटते आहे. आजी म्हणाली, “वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलंत तर उद्या लग्नाच्या वेळी कोणीतरी काढेल.” आई तरीही घेऊन गेली. मानसशास्त्रज्ञांनी मुलीला आधी हात डोक्याकडे कधी जातो ते टिपायला सांगितलं. तो जायचा अभ्यासाला बसल्यावर, चूक खोडताना. मग त्या क्षणी हाताला दुसरं काम, आणि घरात गुणांची चर्चा कमी.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. म्हणजे चाळीसच्या वर्गात सरासरी तिघं. प्रत्येक रुसव्यामागे आजार नसतो. पण झोप, भूक, खेळ, मित्र, अभ्यास यांत झालेला बदल दोन-तीन आठवडे टिकला आणि घरी नि शाळेत दोन्हीकडे दिसला, तर मी थांबू नका म्हणते. मोठं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, आवडता खेळ सोडून दिला, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं म्हणालं, तर दोन आठवडेसुद्धा थांबायचं नाही.

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करावी. नजर, ऐकणं, रक्तातलं हिमोग्लोबिन, थायरॉइड एवढं पाहून घ्यावं. फळा न दिसणारं मूलही ‘लक्ष नाही’ या शेऱ्याखाली येतं. वाचन-लेखनातच अडचण असेल, तर साधारण आठव्या वर्षानंतर अध्ययन अक्षमतेची चाचणी होते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, आणि अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात.

समुपदेशकाची पाटी काही आठवड्यांचा कोर्स करूनही लावलेली दिसते, म्हणून शिक्षण विचारायला संकोचू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, तिचा क्रमांक मागा. औषध फक्त डॉक्टर देऊ शकतात, मुख्यतः मनोविकारतज्ज्ञ. पहिल्या भेटीत मुलाशी एकट्याशी न बोलता आईवडिलांचं ऐकूनच निदान सांगणारा माणूस मला चालत नाही. ‘चार सिटिंगमध्ये बरं करतो’ म्हणणारा तर नाहीच. चांगला माणूस मुलाला सुरुवातीलाच सांगतो की इथलं बोलणं बाहेर जात नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल, तर मला सांगावं लागेल. लैंगिक अत्याचार असेल, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे.

मुलाला ‘फिरायला जाऊ’ सांगून दवाखान्यात नेऊ नका. ‘तुला त्रास होतोय हे मला दिसतंय, आपण दोघं एका ताईंशी बोलू’ एवढं पुरतं. पैसे नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. कुठे जायचं हेच सुचत नसेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.