नगरच्या उन्हात आमरी

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या शेवटी आम्ही सहकुटुंब भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलो होतो. रतनवाडीच्या वाटेवर एका जुन्या झाडाच्या फांदीवरून गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लांब घोस लोंबत होता. सोबतचे कुणीतरी म्हणाले, हे बांडगूळ आहे, झाडाचा रस पिते, काढले तर सवाबच मिळेल. मुलांनी वर चढून ते ओरबाडले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही ते नगरला आणले.

ते बांडगूळ नव्हते. ती आमरी होती, म्हणजे ऑर्किड. या जातीला आपल्याकडे 'सीतेची वेणी' म्हणतात. बांडगूळ फांदीच्या आत मुळे घुसवते. आमरी झाडावर नुसती बसते; पावसाचे पाणी, हवेतला ओलावा आणि सालीच्या खाचेत अडकलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचे भागते. भाडेकरू म्हणा हवे तर, पण घरमालकाच्या ताटात हात न घालणारा.

घरी अम्मींनी तिला काळ्या मातीत, शेणखत घालून लावले. फजरची नमाज झाली की त्या रोज मोगऱ्याला आणि गुलाबाला पाणी घालतात, तसे हिलाही घालू लागल्या. महिनाभरात मुळे काळी पडून कुजली, पाने गळाली. "आपण तिला कधी तहानलेली ठेवली नाही," अम्मी हळहळत राहिल्या. आम्ही तिला बुडवून मारले होते, हे फार उशिरा कळले.

झाडावर वाढणाऱ्या आमरीच्या मुळांवर स्पंजासारखा पांढुरका थर असतो. पाणी मिळाले की तो शोषून घेतो आणि मूळ हिरवे दिसते. वाळला की पुन्हा चांदीसारखा होतो. या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. चिकट मातीत त्यांचा श्वास कोंडतो. म्हणून पाणी कधी द्यायचे ते मुळांकडे पाहून ठरवायचे. हिरवी असतील तर थांबा, चांदीसारखी झाली की द्या.

जंगलाचे नुकसान झाले ते वेगळेच. आमरीचे बी पिठासारखे बारीक असते आणि त्यात कोंबासाठी अन्नाचा साठा नसतो. योग्य बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि त्या रोपाला फुलावर यायला अनेक वर्षे लागतात. शिवाय रतनवाडी, घाटघर हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथली झाडे-रोपे उपटणे हा गुन्हा आहे. आम्हाला हे ठाऊक नव्हते. आता वाचकांना ठाऊक झाले.

मग नर्सरीतून डेंड्रोबियम आणले. प्रयोगशाळेत वाढवलेली ही रोपे सहज मिळतात, जंगलाचे काही जात नाही. पण अडचण नगरच्या हवेची आहे. आपला जिल्हा मोठा विचित्र! अकोल्याच्या टोकाला घाटघरला इतका पाऊस की लोक त्याला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, आणि इकडे शहरात एप्रिल-मेमध्ये हवा भट्टीसारखी कोरडी. तेव्हा पाण्याचे प्रमाण न वाढवता रोपाभोवतीची हवा ओली ठेवायची. आम्ही पसरट ताटात खडे घालून थोडे पाणी ठेवतो आणि कुंडी खड्यांवर ठेवतो, तिचा तळ पाण्याला लागू देत नाही. कूलर चालतो त्या खोलीत रोप खूश असते; फक्त थेट झोतात नको.

कुंडीला बाजूनेही भोके हवीत. आत लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणे भरायची. सोडणे आधी दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवून घ्यावीत, त्यातले क्षार निघून जातात. माती चिमूटभरही नको. बोअरच्या पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात, म्हणून पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी पिंपात साठवावे. आरओ मशीनमधून बाहेर पडणारे वाया जाणारे पाणी मात्र देऊ नका, क्षार त्यातच एकवटलेले असतात. डेंड्रोबियमला सकाळचे कोवळे ऊन आवडते, दुपारी हिरवी शेडनेट लागते. आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा पुरते. फुले संपल्यावर जुनी कांडी कापू नये. त्यात अन्न साठलेले असते आणि तीच पुन्हा फुलू शकते.

लग्नाच्या स्टेजवर दिसणारी मोठ्या चपट्या पाकळ्यांची फॅलेनोप्सिस जरा नाजूक आहे. तिला थेट ऊन सोसत नाही, पण काही आठवडे रात्रीचा गारवा मिळाला की फुलांचा दांडा निघतो. इथे नगरची हवा आपल्या बाजूने असते. नोव्हेंबरच्या रात्री तिला पूर्वेच्या खिडकीत ठेवावे आणि कडाका वाढला की आत घ्यावे.

आमरी आपल्या घरांत तशी परकी नाही. खरा व्हॅनिला एका ऑर्किडच्या शेंगेतून येतो, आणि हकीमसाहेबांच्या नुस्ख्यातली सालब मिसरी म्हणजे आमरीचेच वाळवलेले कंद. एकेक कंद काढताना एकेक रोप उपटले जाते, हे समजल्यापासून अम्मी हिवाळ्याच्या लाडवांत ती घालत नाहीत.

डेंड्रोबियम दीड वर्ष नुसते पाने दाखवत राहिले. अम्मींनी दोनदा ते टाकून द्यायचे काढले होते. यंदा पावसाळ्याच्या सुरुवातीला कांडीच्या टोकाला दांडा आला. त्यावर सात कळ्या धरल्या. अम्मी आता फजरनंतर तांब्या बाजूला ठेवून आधी चष्मा लावतात आणि वाकून मुळांचा रंग बघतात.