निवड आहे, निवडणारा नाही

उत्क्रांतीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला? आजच्या माकडापासून माणूस झाला, असे डार्विनने कुठेही म्हटलेले नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज सुमारे साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एकच होते आणि पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, एवढेच विज्ञान सांगते. पण या प्रश्नामागचा खरा गैरसमज निराळा आहे. उत्क्रांती ही फार पूर्वी घडून गेलेली, कोणालाच तपासता न येणारी कथा आहे, पटली तर मानावी नाहीतर सोडून द्यावी, असे त्यात गृहीत धरलेले असते. वस्तुस्थिती तशी नाही. नैसर्गिक निवड हा तीन गोष्टींचा हिशेब आहे. एकाच जातीचे जीव एकमेकांपासून थोडेफार वेगळे असतात. त्यांतले काही फरक आईबापांकडून पिल्लांकडे जातात. आणि जन्माला येणाऱ्यांपैकी थोडेच जगून-वाढून स्वतः प्रजा देतात. ते कोण, हे काही अंशी त्या फरकांवर ठरते. या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे पिढ्यांगणिक त्या जातीचे रूप बदलल्यावाचून राहत नाही. तिन्ही गोष्टी पाहता येतात, मोजता येतात, आणि म्हणून त्यांचा परिणामही मोजता येतो.

हा हिशेब एका रात्रीत सुचलेला नाही. २७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’ जहाजावर चढलेला चार्ल्स डार्विन बावीस वर्षांचा होता. जवळजवळ पाच वर्षांच्या त्या प्रवासात त्याने दक्षिण अमेरिकेत नामशेष झालेल्या अवाढव्य प्राण्यांची हाडे खणून काढली आणि त्यांचे त्याच भूमीवर आज वावरणाऱ्या लहान प्राण्यांशी असलेले साम्य टिपले. १८३५ मध्ये तो गॅलापागोस बेटांवर पोहोचला. तिथले फिंच पक्षी पाहून त्याला साक्षात्कार झाला, अशी गोष्ट सांगितली जाते. पण कोणता फिंच कोणत्या बेटावरचा, याची नीट नोंदही त्याने ठेवली नव्हती. त्याला आधी खटकले ते मॉकिंगबर्ड. बेट बदलले की हा पक्षीही थोडा बदलत होता. १८३७ मध्ये लंडनचे पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी नमुने तपासून सांगितले की हे मॉकिंगबर्ड तीन वेगवेगळ्या जातींचे आहेत, आणि चोचींनी इतके निरनिराळे दिसणारे ते फिंच मात्र एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. एकाच ज्वालामुखी बेटसमूहावर, सारख्याच हवामानात, इतक्या जाती वेगवेगळ्या निर्माण करण्याचे प्रयोजन काय? त्या एकाच पूर्वजापासून फुटल्या असे मानले, तर मात्र सगळे जुळत होते.

जाती बदलतात, हा विचार त्याआधीही मांडला गेला होता. फ्रान्सच्या लामार्कने १८०९ मध्येच तो मांडला. अडत होते ते ‘कशामुळे’ या प्रश्नापाशी. १८३८ मध्ये डार्विनने माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध वाचला आणि त्याला कारण सापडले. सजीव ज्या वेगाने वाढू शकतात त्या वेगाने अन्न आणि जागा वाढत नाही. सर्वांत संथ प्रजनन करणारा प्राणी म्हणून त्याने पुढे हत्तीचे गणित केले: एका जोडीची सगळी प्रजा जगत गेली, तर सुमारे साडेसातशे वर्षांत जवळपास १ कोटी ९० लाख हत्ती होतील. पृथ्वी हत्तींनी भरलेली नाही, याचा अर्थ बहुतेक जीव प्रजा देण्याआधीच संपतात. कोणते संपतात आणि कोणते उरतात, हा मुद्दा डार्विनने कबुतरांवरून उलगडला. त्याने स्वतः कबुतरे पाळली, लंडनच्या कबुतरबाजांच्या मंडळांत ऊठबस केली. पिसारा फुलवणारे लक्का कबूतर घ्या किंवा गळा फुगवणारे, ही सगळी मूळच्या पारव्यापासून माणसाने घडवलेली आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. पाळणारा काय करतो? नवख्याला दिसणारही नाही एवढा फरक हेरतो आणि तेवढ्याच पक्ष्यांची जोडी लावतो. निसर्गात असा हेरणारा कोणी नाही, पण टंचाई आहे, शत्रू आहेत, रोगराई आहे. निवडीचे काम याच गोष्टी करतात, कोणताही हेतू मनात न धरता. डार्विनच्या विचारातले खरे धाडस इथे आहे.

त्याच निष्कर्षाला दुसरा एक माणूस स्वतंत्रपणे पोहोचला. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा संग्राहक होता. गोळा केलेले कीटक-पक्षी विकून पोट भरणारा. अॅमेझॉनहून परतताना जहाजाला आग लागून त्याचा बहुतेक संग्रह नष्ट झाला, तरी तो पुन्हा निघाला आणि मलाय द्वीपसमूहात आठ वर्षे हिंडला. १८५८ मध्ये तापाने अंथरुणाला खिळलेला असताना त्यालाही माल्थसची आठवण झाली, आणि तर्नाते बेटावरून त्याने आपला लेख पाठवला तो नेमका डार्विनलाच. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्र वाचले गेले. दोघेही हजर नव्हते: वॉलेस हजारो मैल दूर होता, आणि डार्विनच्या तान्ह्या मुलाला जाऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी डार्विनचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेगळ्या परिस्थितीत वाढलेले दोघे निरीक्षक एकाच उत्तरावर येतात, तेव्हा ते उत्तर कोणा एकाच्या कल्पनेत नसून पुराव्यातच दडलेले होते, असे म्हणायला जागा राहते.

डार्विनची समजूत होती की हा बदल इतका संथ असतो की माणसाच्या आयुष्यात तो दिसणार नाही. याबाबतीत त्याचा अंदाज चुकला, आणि तो चुकणे सिद्धांताच्या फायद्याचे ठरले. १९७३ पासून पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य गॅलापागोसमधील डॅफ्ने मेजर या छोट्याशा बेटावर दरवर्षी जाऊन फिंच पक्ष्यांच्या पायांत कडी घालत आणि त्यांच्या चोची मोजत राहिले. १९७७ मध्ये तिथे पाऊस पडला नाही. बारीक बिया भराभर संपल्या. उरली ती काटेरी, कठीण फळे. आपल्याकडे शेताच्या बांधावर पायात रुतणाऱ्या सराट्याच्याच कुळातली. ते फळ पिळून फोडून आतली बी काढायला जाड चोच लागते. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या फरकावर जगणे-मरणे ठरू लागले. मध्यम भूफिंच जातीचे सुमारे बाराशे पक्षी होते, ते दोनशेच्याही खाली आले, आणि वाचलेल्यांची चोच सरासरीने अधिक जाड होती. चोचीची जाडी आईबापांकडून येते, त्यामुळे पुढच्या पिढीची सरासरी चोचही सुमारे चार टक्क्यांनी वाढली. १९८३ मध्ये उलट घडले. एल निनोमुळे बेसुमार पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि नंतरच्या वर्षांत लहान चोचीचे पक्षी अधिक तगले. वरच्या हिशेबातल्या तिन्ही गोष्टी इथे आकड्यांत उतरल्या आहेत.

यावर आक्षेप येतो: चोच जाडबारीक होईल, पण फिंच तो फिंचच राहिला ना? आक्षेप रास्त आहे. त्याचे एक उत्तर त्याच बेटावर मिळाले. १९८१ मध्ये शंभरेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या बेटावरून एक मोठा नर फिंच तिथे आला. त्याने स्थानिक जातीच्या मादीशी जोडी केली. त्यांची प्रजा आकाराने आणि गाण्याने वेगळी निघाली आणि काही पिढ्यांतच ती फक्त आपसांत जोड्या करू लागली. नवी जात तयार होण्याची पहिली पायरी अशी असू शकते. मोठ्या बदलांचे उत्तर खडकांत आहे. चार पायांचे प्राणी माशांपासून आले असतील, तर मधल्या रूपाचे जीवाश्म ठरावीक वयाच्या खडकांतच सापडले पाहिजेत. हे मनाशी धरून संशोधकांनी कॅनडाच्या उत्तर टोकाकडील सुमारे साडेसदतीस कोटी वर्षे जुने खडक निवडले आणि २००४ मध्ये तिथे टिक्टालिक सापडला: अंगावर माशासारखे खवले, पण मान वळवता येणारी, आणि परांच्या आत मनगटाची हाडे. कुठे खणायचे हे आधी सांगून ते तिथेच सापडावे, ही कोणत्याही सिद्धांताची कठोर परीक्षा आहे.

डार्विनच्या हयातीतले आक्षेप याहून जड होते. पृथ्वीच्या थंड होण्याच्या वेगावरून भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८६२ मध्ये तिचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान ठरवले, आणि पुढे ते आणखी खाली आणले. एवढ्या काळात संथ निवडीने सगळी जीवसृष्टी घडणे कठीण होते. १८६७ मध्ये अभियंता फ्लीमिंग जेन्किन यांनी दुसरा घाव घातला: आईबापांचे गुण अपत्यात मिसळून जात असतील, तर कोणताही नवा गुण काही पिढ्यांत पातळ होऊन नाहीसा होईल, मग निवड होणार कशाची? या दोन्हींना डार्विनकडे समाधानकारक उत्तर नव्हते. उत्तरे आली ती त्याच्या बाजूने बोलण्याचा हेतू नसलेल्या क्षेत्रांतून. १८९६ मध्ये किरणोत्सर्गाचा शोध लागला आणि त्याआधारे खडकांचे वय मोजता येऊ लागले; पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची निघाली. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यांवर केलेले प्रयोग १८६६ मध्येच छापले गेले होते, पण त्यांचे महत्त्व १९०० मध्ये लक्षात आले: गुण मिसळून जात नाहीत, सुट्या घटकांच्या रूपाने अखंड पुढे जातात. फिशर, राइट आणि हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी त्यावर निवडीचे गणित उभारले. यातले जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. ज्या दोन ठिकाणी सिद्धांत मोडेल असे वाटले होते, तिथेच तो सर्वांत भक्कम झाला.

‘डोळ्यासारखा अवयव योगायोगाने कसा बनेल?’ हा आक्षेप डार्विनने आपल्या ग्रंथात स्वतःच मांडला आहे. योगायोगाने तो बनणार नाही, हे खरेच. नवा फरक उपजतो तो योगायोगाने. तो टिकतो की नाही, हे योगायोगावर नसते. प्रकाश ओळखणारा नुसता ठिपका, खोलगट वाटी, बारीक छिद्राची पोकळी, मग भिंग: या प्रत्येक टप्प्यावरचे डोळे आजही निरनिराळ्या गोगलगायींत आणि त्यांच्या समुद्री नातलगांत सापडतात, आणि प्रत्येक टप्पा मागच्यापेक्षा थोडे अधिक दाखवतो. १९९४ मध्ये निल्सन आणि पेल्गर यांनी सावध गृहीतके धरून हिशेब केला, तेव्हा सपाट ठिपक्यापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत यायला चार लाखांहून कमी पिढ्या पुरतात असे दिसले. उलट, आधी आराखडा आखून शरीर बनवले असते तर जिराफाच्या स्वरयंत्राकडे जाणारा मज्जातंतू मेंदूतून निघून थेट पोहोचला असता. तो आधी छातीत उतरतो, हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला वळसा घालतो आणि पुन्हा मानेतून वर येतो. माशासारख्या पूर्वजात हा रस्ता जवळचा होता. पुढे मान लांबत गेली तरी तोच रस्ता ताणत राहिला, कारण निवड हाती असलेल्या रचनेतच फेरफार करते, पाटी पुसून नव्याने सुरुवात करू शकत नाही.

हा सिद्धांत न समजण्याची किंमत किती असते, हे महाराष्ट्राच्या कपाशीने दाखवून दिले आहे. बीटी कपाशीला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. झाडातच बोंडअळीला मारक प्रथिन असल्याने सुरुवातीला फवारण्या घटल्या. पण कोट्यवधी अळ्यांत एखादी त्या विषाला पुरून उरणारी असतेच. रान सगळे बीटीचे असेल तर उरतात फक्त अशाच अळ्या, त्यांचे पतंग आपसांत जोड्या करतात आणि गुण पक्का होतो. हे टाळण्यासाठी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे दिले जाई. ते पेरून तयार होणाऱ्या आश्रयपट्ट्यात विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगाव्यात आणि त्यांच्या पतंगांशी संकर होऊन प्रतिकाराचा गुण दबून राहावा, हा त्यामागचा विचार. लहान वावराच्या शेतकऱ्याला हे कोणी नीट समजावले नाही, आणि तो पट्टा बहुतेक ठिकाणी पेरलाच गेला नाही. फरदड घेतल्याने, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखल्याने, अळीला उन्हाळ्यापर्यंत खाद्य मिळत राहिले. हिरव्या बोंडअळीला तूर, हरभरा असे बिनविषारी आसरे होते; गुलाबी बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते, म्हणून निवडीचा सारा भार तिच्यावर पडला. दुसरे प्रथिन घातलेले वाणही तिने पचवले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात शेतोशेती अळी शिरल्याने न उमललेल्या डोमकळ्या दिसल्या आणि बोंडे आतून किडली. अमेरिकेच्या अॅरिझोनात हाच कीटक, हेच तंत्रज्ञान. पण तिथे आश्रयपट्टे काटेकोरपणे पेरले गेले, पुढे वांझ पतंग सोडले गेले आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कापूसपट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. फरक पडला तो निवडीचे नियम धरून वागण्याने. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंची गोष्टही हीच आहे.

एक आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे: हा सिद्धांत ‘बळी तो कान पिळी’ असे शिकवतो. शिकवत नाही. डॅफ्नेवर दुष्काळात जाड चोच तगली, अतिवृष्टीनंतर लहान चोच. ‘श्रेष्ठ’ असे कोणीच नव्हते, त्या त्या परिस्थितीला जुळणारे होते. आणि निसर्गात एखादी गोष्ट घडते म्हणून माणसाने तशी करावी, असे त्यातून निघत नाही. रोग नैसर्गिक असतो, म्हणून आपण औषध सोडत नाही. खरा धोका अज्ञानाचा आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा देशभरातल्या अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी आणि विज्ञानप्रेमींनी निषेधपत्रावर सह्या केल्या. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. दहावीनंतर विज्ञान सोडणारी मुलेही पुढे शेती करतील, औषधे घेतील, मतदान करतील. गरज नसताना घेतलेले प्रतिजैविक किंवा न पेरलेला आश्रयपट्टा नुकसान का करतो, हे त्यांना कळायचे असेल, तर वर्गात घोकून घ्यायचे ते डार्विनचे जन्मसाल नव्हे. त्या तीन साध्या गोष्टी आणि त्यांतून अटळपणे निघणारा निष्कर्ष, एवढे प्रत्येक मुलाला स्वतः मांडून दाखवता आले पाहिजे.